बाईंच्या आवाजातल्या खुणा

प्रिय बाई,

तुम्ही गेलात हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

आज सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. विट्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावातून, मुलाच्या मोबाइलवरून, नेहमीसारखा ओरडून. "शालन, तिसरी सीडी कवा यायची गं? बाईंना म्हणावं, त्या पोरीला नदीच्या काठाला उभी करून ठेवलीया, पाय दुखाय लागलं आसतील तिचं!" मी म्हटलं, "हो तात्या, पाठवते." आणि फोन ठेवून दिला. मग ऑफिसात मन लागेना. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी मी, मलाच एक वाक्य बोलता आलं नाही! साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, रिक्षा करून घरी आले आणि ब्रेलची पाटी पुढ्यात घेऊन बसले. हे सगळं कुणाशी तरी बोलायला हवं, आणि असलं बोलणं मी आजवर तुमच्याशीच बोलत आले. आता कुठं दुसरं गिऱ्हाईक शोधू?

तात्यांचं काय चुकलं सांगा. ते तुम्हाला कधी भेटलेसुद्धा नाहीत. फौजेतून पेन्शन घेऊन आले, चार वर्षं ऊस बघितला आणि काचबिंदूनं नजर गेली. तेव्हापासून आपल्या अंधांच्या लायब्ररीची बोलकी पुस्तकं ऐकतात. त्यांच्यासाठी बाई म्हणजे आवाज. आणि आवाज तर अजून येतोय की! कपाट भरून कॅसेट आहेत, त्यावर सीडींचा ढीग आहे. कुठलीही लावा, तुम्ही हजर. मग तुम्ही गेलात हे माणसानं ओळखावं कशावरून?

दुसरं दुखणं लायब्ररी चालवणाऱ्या आपल्या मंडळाचं. तुम्ही वाचायला घेतलेली, वाचून होईल तशी सीडीवर पाठवलेली ती जाडजूड कादंबरी निम्म्यात राहिली. मंडळाचं म्हणणं, नवीन वाचक घ्यायच्या, पुस्तक पहिल्यापासून वाचून घ्यायचं आणि तुमचं निम्मं पुसून टाकायचं. का, तर "निम्मं एकीनं, निम्मं दुसरीनं, ऐकायला बरं दिसत नाही." ऐकायला दिसत नाही म्हणे! रविवारी बैठक आहे. तिथं काय बोलायचं ते मला ठरवायचंय आणि चार वाक्यं जुळत नाहीत.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "शालन, अगं आधी पाणी पी."

बाई, शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात, नातवंडं सांभाळतात, लोणची घालतात. तुम्ही माधवनगरच्या त्या खोलीत टेपरेकॉर्डर मांडून बसलात. आणि खोली तरी कसली! दोन्ही अंगाला यंत्रमाग, दिवसभर खडखड खडखड. दुसरं कुणी असतं तर जागा बदलली असती. तुम्ही काय केलंत? लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ केलंत! सगळी सांगली वीज गेली की महावितरणाच्या नावानं शंख करायची, आणि तुम्ही लगबगीनं खोलीत जायचात. लाइट गेली की माग थांबायचे. गल्ली शांत. बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, खिडकीतलं ऊन आणि तुम्ही. आख्ख्या जिल्ह्यात लाइट जायची वाट बघणारी तुम्ही एकटीच बाई असणार!

त्यामुळं आम्हाला तुमच्या कॅसेटमध्ये काय काय ऐकायला मिळायचं. वाचता वाचता एखाद्या प्रकरणाचा वेग अचानक वाढायचा. आम्ही ओळखायचो, लाइट यायची वेळ झाली, बाई घाईत आहेत. मग लांबून एक माग सुरू व्हायचा, खटक्, आणि तुम्ही वाक्य पुरं करून शांतपणे म्हणायचात, "इथं थांबू या." मला ते फार आवडायचं. वाक्य तुम्ही कधी अर्धं सोडलं नाहीत.

आणि शिव्या! त्या शिव्यांची गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते. एका ग्रामीण पुस्तकात पाटील आणि त्याचा भाऊ बांधावरून भांडतात, पानभर नुसत्या शिव्या. तुमच्या आधी वाचणाऱ्या एक बाई असलं काही आलं की "येथे अपशब्द आहेत" म्हणून पुढं जायच्या. आम्ही चरफडायचो. तुम्ही मात्र ते पान असं वाचलंत, शब्दन् शब्द, मराठीच्या तासाला कविता वाचावी तसं, की तुमची सूनबाई पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आली! तुम्ही तिला म्हणालात, "लेखकानं लिहिलंय. शालनला डोळे असते तर तिनं वाचलंच असतं ना? मग मी कोण गाळणार?"

मी तेव्हा हसले. पण बाई, मला तोवर असं कुणी मोजलं नव्हतं हो. लोक आमच्यावर दया करतात, आम्हाला चांगलं चांगलं तेवढं वाचून दाखवतात. तुम्ही आम्हाला सगळं दिलंत, शिव्यांसकट.

मग त्या सीडी आल्या. कोऱ्या कॅसेट बाजारात मिळेनाशा झाल्या. हरभट रोडचा दुकानदार म्हणाला, "बाई, आता भजनवालेसुद्धा कॅसेट घेत नाहीत." कॅसेटच्या प्रती काढायचं यंत्रही दर आठवड्याला रुसून बसायला लागलं. तुम्ही एक दिवस माझ्याकडं आलात त्या उड्या मारतच. "शालन, हात पुढं कर!" आणि माझ्या तळहातावर ती गुळगुळीत चकती ठेवलीत. "सतरा कॅसेटचं पुस्तक, अख्खं, एका चकतीत!"

मी म्हटलं, "मला नको तुमची चकती."

केवढा राग आला होता तुम्हाला! "अगं, जग कुठं चाललंय आणि तू कॅसेटला कवटाळून बसलीस?" मीही चिडले. म्हटलं, जग कुठं का जाईना, मी काल रात्री पुस्तकात कुठं थांबले होते ते या चकतीला ठाऊक आहे का? कॅसेट बंद केली की तिथंच थांबते. बाहेर काढा, डब्यात ठेवा, चार दिवस माहेरी जाऊन या, परत लावली की त्याच शब्दापासून पुढं. दूध उतू चाललं म्हणून मी "तो म्हणाला" वर बटण दाबलं असेल, तर पुढचं "तो काय म्हणाला" ते मला मिळणारच. तुमच्या चकतीला आठवण म्हणून नाही. बंद केली की पुन्हा पहिल्यापासून, "नमस्कार, पुस्तकाचे नाव". मग पुढं पुढं दाबत बसा अंदाजानं, विहिरीत पोहरा सोडल्यासारखं.

दुसऱ्या कुणी "सवय होईल हळूहळू" म्हटलं असतं. तुम्ही पर्स बाजूला ठेवलीत आणि माझ्या पलंगावर बसलात. "ऐक तू. नेहमी ऐकतेस तशी. मी बघते." सगळी दुपार तुम्ही मी कशी ऐकते ते बघत बसलात. मी वेणी घालताना ऐकते, भाजी निवडताना ऐकते, बटणावर अंगठा किती वेळ ठेवला की एक पान मागं जातं ते माझ्या अंगठ्याला ठाऊक असतं.  जाताना एवढंच म्हणालात, "म्हणजे आम्ही तुमच्या पुस्तकातली खूण काढून घेतली की गं."

पण तुमची खरी झोप उडवली ती तात्यांनी!

आठवतं ना? पहिल्या खेपेच्या सीडी एका दुकानातून करून आणल्या होत्या. कॅसेटवरचं जसंच्या तसं चकतीवर. तात्यांना सीडीवरची पहिली कादंबरी पाठवली. तीन महिने काही तक्रार नाही. म्हटलं, बघा, म्हातारा माझ्यापेक्षा हुशार निघाला. मग एकदा फोनवर विचारलं, "तात्या, कशी वाटली?" तर म्हणाले, "लय झ्याक! शेवट तर असा हाय, काय सांगू! ती बाई घरातनं भायेर पडती, दार लावून घेती, आन खलास! कुटं गेली, काय झालं, कायबी सांगत न्हाई. देवळाच्या कट्ट्यावर समद्यांस्नी सांगितली मी गोष्ट."

मला कळेना. ती बाई दार लावून बाहेर पडते ती पुस्तकाच्या सुरुवातीला! अजून तिचं लग्न व्हायचंय, मुलं व्हायचीत, मिल बंद पडायचीय. मी म्हटलं, "तात्या, त्याच्यापुढं?"

"फुडं काय? बाई म्हनाल्या, 'पहिली बाजू संपली, कृपया कॅसेट उलटा.' मी उलटली. फौजेतला मानूस मी, हुकूम म्हंजे हुकूम. उलटून घातली, तर मागं समदी सामसूम."

मी फोन धरून हसत सुटले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हीही हसलात, ठसका लागेपर्यंत हसलात. आणि मधेच हसू थांबवलंत. म्हणालात, "शालन, तो माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पुस्तकाच्या सुरुवातीलाच अडकून राहिला गं."

तात्यांना खरा शेवट पाठवला, तर त्यांना तो पसंत पडला नाही ही गोष्ट वेगळी. "माझाच बरा व्हता," म्हणाले. अजून म्हणतात!

पण त्या दिवसापासून तुम्ही हात धुऊन मागं लागलात. "कॅसेट उलटा" हे वाक्य जिथं जिथं म्हणून होतं तिथून काढायचं. आणि खुणा घालायच्या. चकतीला आठवत नाही ना, मग ऐकणाऱ्याला आठवेल असं काहीतरी द्यायचं. प्रत्येक पुस्तकाचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या आधी तुमच्या आवाजात त्याचा आकडा. "भाग नऊ." झोपताना आकडा लक्षात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बटण दाबत तिथं यायचं. कुणाला विचारायला नको, कुणाची मनधरणी नको.

तो कॉम्प्युटरवाला किती समजावत होता तुम्हाला. "बाई, मशीन दर पाच मिनिटांनी आपोआप तुकडे पाडतं. दुपारपर्यंत सगळं कपाट होऊन जाईल." तुम्ही म्हणालात, "अहो, पाच मिनिटं झाली तेव्हा माणूस वाक्याच्या मधे असला तर? भाकरी मोडून खातात, पट्टी लावून कापत नाहीत." बिचारा गप्प बसला. त्याला काय माहीत, या बाईंनी चाळीस वर्षं सातवीच्या पोरांना गप्प बसवलंय!

मग आपण दोघी बसलो. रविवार म्हणू नका, दिवाळीची सुट्टी म्हणू नका. तुम्ही कॉम्प्युटरपुढं, मी शेजारी. मी ऐकायचं आणि "इथं" म्हणायचं. कधी तुम्ही म्हणायचात, "नाही, अजून परिच्छेद संपला नाही." मी म्हणायचे, "परिच्छेद गेला उडत, ती रडायला लागलीय, इथं माणूस थांबतोच." भांडायचो! आणि तुम्ही, शाळेतल्या एवढ्या कडक बाई, दहातल्या आठ वेळा माझं ऐकायचात. म्हणायचात, "थांबणार तू आहेस. मी नाही."

सीडीची वरची बाजू कुठली ते बोटाला कळावं म्हणून तिच्या मधल्या कड्यावर नेलपॉलिशचा जाड थेंब द्यायचा, ही युक्ती माझी. पण ते आणायला दुकानात तुम्ही गेलात. पोरगी विचारते, "कुठला रंग दाखवू आजी?" तुम्ही म्हणे म्हणालात, "कुठलाही दे, बघणारं कुणी नाही." त्या पोरीला काय वाटलं असेल, देव जाणे.

कॉम्प्युटर आला आणि तुमचं लोडशेडिंगचं गणित मात्र उलटं झालं. आता लाइट असेल तेव्हाच वाचायचं, आणि लाइट असली की माग सुरू. इन्व्हर्टर आणून पाहिला, तर तोच गुणगुणायला लागला. मग तुम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या काढून भिंतींवर, दारावर, खिडकीवर टांगल्यात. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. एप्रिलमधली सांगली, गोधड्यांची खोली आणि सत्तरीची बाई! मी आत आले की मला वाफाऱ्यात शिरल्यासारखं व्हायचं. कितीदा सांगितलं, बाई, उन्हाळाभर राहू द्या. तर म्हणायचात, "ऐकणाऱ्याला उन्हाळा नसतो का?"

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही. छातीत दुखत होतं ते तुम्ही मला का सांगितलं नाहीत? महिनाभर "पित्त झालंय" म्हणत ताक पीत राहिलात. मला आवाजात कळत होतं, बाई. वाक्याच्या शेवटी तुम्हाला दम लागत होता. मी विचारलं तर म्हणालात, "वय झालं आता." त्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला, "सदतिसावा भाग झाला गं, आता जरा पडते." संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. मिरजेला हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इतक्या लोकांना शेवटपर्यंत पोचवायची काळजी केलीत, आणि स्वतःची एवढीसुद्धा नाही?

तिथं सगळ्यांसमोर मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, शालन खंबीर आहे. घरी येऊन मी प्लेयर लावला आणि तुम्ही म्हणालात, "नमस्कार." मग जे रडले ते रडले. शेजारच्या काकू धावत आल्या. एक सांगू? मला तुमचा चेहरा आठवत नाही असं लोकांना वाटतं, कारण मी तो पाहिलाच नाही. पण मला तुमचं पान उलटणं आठवतं. बोट ओलं न करता, कोपऱ्यातून हळूच.

मंडळानं पुसायचं बोलायला सुरुवात केल्यावर मी कुणाला न सांगता एक काम केलं. पुण्याहून त्या कादंबरीची ब्रेल प्रत मागवली. पोतंभर खंड आलेत, पोस्टमननं घाम पुसतच आणून टाकले. राहिलेलं पुस्तक मी वाचावं असं मनात आलं होतं. मग माझीच मला लाज वाटली. तुमच्या जागेवर मी? माझा हा आवाज? फोनवर "होल्ड करा" म्हणण्यात आयुष्य गेलेला? ते पोतं तसंच कोपऱ्यात ठेवलंय.

इथवर लिहिलं आणि उठले. म्हटलं, शालन, मेलेल्या माणसाला सगळं सांगत बसलीस, जिवंत माणसाला सांग की! तात्यांना फोन लावला. आत्ताच ठेवलाय. झालं ते सांगते.

मी म्हटलं, "तात्या, बाई गेल्या."

"कुटं?"

"तात्या, वारल्या बाई. महिना होत आला."

तिकडं मागं कुठं तरी शेळी ओरडत होती, कुणी तरी बादली ठेवली. 

"आन मी काल सांजच्याला ऐकत व्हतो ते?"

"ते आधी वाचलेलं."

"व्हय की." मग पहिल्यांदाच न ओरडता, "आवाजात कळलं न्हाई गं कायबी."

"सकाळी सांगायला हवं होतं मी. जीभ उचलली नाही."

"आसू दे. फौजेत बी घरनं तसली तार आली, की ती वाचून दावायला कुनी फुडं व्हायचं न्हाई. आसू दे पोरी." ते नाक शिंकरत राहिले. मग म्हणाले, "बाकीचं काय? त्या पुस्तकाचं?"

मी मंडळाचं सांगितलं. नवी वाचक, पहिल्यापासून, तुमचं पुसून. बाई, तात्या केवढ्यानं ओरडले! "पुसायचं? बाईंचं वाचल्यालं पुसायचं? कुनाच्या डोसक्यातनं निघालं हे? त्याला मज्याकडं धाड!"

मग मी भीत भीत म्हटलं, "तात्या, राहिलेलं मी वाचलं तर? ब्रेलमधून. चालेल तुम्हाला?"

"तू?" ते म्हणाले. "तुझा आवाज म्हंजे पत्र्यावर खडं टाकल्यागत हाय."

"माहीत आहे."

"पर मानूस आपलं हाय. चालवून घिऊ. बाईंनी कुटवर आनलंय?"

"सदतीस भाग झालेत."

"मंग तू अडतीसपास्नं लाव. पयल्यापास्नं न्हाई, आयकलंस का? दर येळी पयल्यापास्नं सुरू व्हायचं आपलं दुखनं बाईंनी एवढा जीव काडून घालिवलं. आन आता त्यांच्याच पुस्तकाला त्ये लावायचं व्हय?"

बाई, मला इतके दिवस जे शब्दांत धरता येत नव्हतं ते त्यांनी शेळी ओरडत असताना सांगून टाकलं. रविवारी मंडळापुढं मी हेच सांगणार आहे, याच शब्दांत. आणि त्यांनी नाही म्हटलं तर विट्याच्या पलीकडून तात्या येणार आहेत. मुलाला गाडी काढायला सांगून झालंय त्यांचं!

तेव्हा वचन देते. सोमवारपासून मी माधवनगरला त्या खोलीत बसेन. सूनबाईंनी गोधड्या काढलेल्या नाहीत. पंखा बंद ठेवीन. माझी बोटं ओळीवरून सरकताना खसखस आवाज येईल, त्याला इलाज नाही, तो ऐकणाऱ्यांना चालवून घ्यावा लागेल. तुमच्या सदतीस भागांतला एक श्वासही कुणाला काढू देणार नाही, तो दम लागलेलासुद्धा. आणि अडतिसाव्या भागाच्या आधी, आकडा सांगून झाल्यावर, मी पुस्तकात नसलेलं एवढंच म्हणेन: "इथपर्यंत बाईंनी वाचलं. इथून पुढं शालन वाचते."

तुमची,
शालन